तीन ठोके, थांबून दोन

"आई, या डावाला दूध लागलंय का?"

जावयानं डाव दिव्यापुढे धरला होता आणि जवाहिऱ्यानं हिरा पारखावा तसा तो उलटसुलट करून पाहत होता. मावशीनं भाजी चिरता चिरता मान वर केली.

"नाही लागलं. दुधाचा वेगळा आहे. हा तुमचा, लाल दोरी बांधलेला."

"दोरी सुती आहे ना?"

"हो तर. रेशमाची परवडते कुठे आपल्याला."

रेशीम किड्यांना उकळून काढतात, यावर जावयानं पाच मिनिटं माहिती दिली. मावशीनं केलेला विनोद त्याला कळला नाही. जगाचा उद्धार करायला निघालेल्या माणसाला विनोदाला सवड कुठून मिळणार?

तिला सगळेच मावशी म्हणत. संस्थेतले साहेब म्हणत, गेटवरचा वॉचमन म्हणे, तो तर वयानं तिच्यापेक्षा मोठा होता. सत्तावीस वर्षं ती संस्थेच्या ससेखान्यात होती. काम सांगायला सोपं. मोठमोठ्या कारखान्यांतून सलाइनच्या बाटल्या तपासायला यायच्या. दर मालातली एक बाटली फोडायची, तीन सशांना टोचायची आणि तीन तास त्यांचा ताप मोजायचा. ताप चढला तर अख्खा माल नाल्यात. नाही चढला तर माल दवाखान्यात आणि ससे आपल्या पिंजऱ्यात, पुढच्या खेपेपर्यंत. त्यामुळे एकेक ससा चार-चार वर्षं तिच्या हाताखाली असायचा. नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, कानात नंबर गोंदलेले असत. पण नियम करणारे कधी पहाटे सहाला चारा घालायला येत नाहीत. मिशा फेंदारून पिंजऱ्याच्या दाराशी पहिला उभा राहणारा तो फौजदार. पाठ फिरवून बसणारी रुसकी. आणि सगळ्यात मागच्या पिंजऱ्यातली बहिरी.

ससा भित्रा जीव. दार एकदम उघडलं तर दचकून स्वतःलाच इजा करून घेतो. म्हणून मावशीनं पहिल्याच वर्षी एक रीत पाडली होती. आत जाण्याआधी चाऱ्याचा पत्र्याचा डबा चौकटीवर वाजवायचा. तीन ठोके, थांबून दोन. की आतले सगळे कान उभे, सगळी नाकं जाळीला. एकट्या बहिरीला ऐकू यायचं नाही. तिच्या पिंजऱ्याखालच्या फळीवर तळवा टेकवायचा, मग ती वळायची.

जावई आणि लेक तिच्याकडे राहायला आले ते तात्पुरते. त्या तात्पुरत्याला आता दोन वर्षं झाली होती. जावयाची एक संघटना होती. सात माणसांची. नाव इतकं लांब की बॅनरवर दोन ओळी लागायच्या, मावशी त्यांना नुसतं सुटकावाले म्हणे. प्राण्याला कोंडणं, पाळणं, दोहणं, टोचणं, त्याच्यावर बसणं, सगळ्याला त्यांचा विरोध. माणसानं पृथ्वीवर किती जुलूम केला हे जावई घरातल्या एकुलत्या एक गादीच्या खुर्चीत बसून सांगायचा. बोलता बोलता जेवायचा आणि जेवून ताट तिथेच ठेवून उठायचा. सर्व प्रकारच्या गुलामगिरीविरुद्ध उभा ठाकलेल्या या माणसाचं खरकटं ताट दोन वर्षं दुसरंच कुणीतरी उचलत होतं.

मावशीला प्रवचनाचं वावडं नव्हतं. उलट वेड होतं. दर रविवारी सकाळी चारा-पाणी उरकून ती जवळच्या सभागृहात जायची. तिथे एक म्हातारे गृहस्थ गाऊन प्रवचन सांगत. एक ओळ गायची, थांबायचं, तिचा अर्थ सांगायचा, मध्येच एखादी गोष्ट, की पुन्हा गाणं. डोळे कधी भरून आले ते कळायचं नाही. पण ते म्हातारबाबा सुरुवात करत ती "माझ्यासारखा पापी मीच" इथून. मग हळूहळू समोरच्यांकडे वळत. जावयाचं प्रवचन स्वतःला वगळून सुरू व्हायचं आणि त्यात गाणं नसायचं.

"तुम्हाला ठाऊक आहे का आई, तुम्ही काय करता ते?" तो एकदा म्हणाला होता. "तुम्ही तुरुंगाच्या पहारेकरी आहात. प्रेमळ पहारेकरी. तो सगळ्यात वाईट प्रकार."

"असेन बाबा," मावशी म्हणाली होती. "पण मागल्या वर्षी तुम्ही उपोषणाला बसलात आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडलात, तेव्हा दवाखान्यात सलाइन लावली ना? ती तीन सशांच्या अंगातून पास होऊन आलेली. तेव्हा काही 'माझ्या हातातली सुई काढा' म्हणाला नाहीत."

"मी बेशुद्ध होतो."

"पहिल्या बाटलीला होतात. दुसरी तुम्ही मागून घेतलीत."

लेक भिंतीकडे तोंड करून हसली होती. लेक गुणी होती. नवऱ्यावर तिचा जीव होता आणि नवरा म्हणे त्यावर विश्वास. पण तिचा विश्वास खरा होता. कुठे गाडीखाली आलेलं मांजर दिसलं तर ती थांबायची, जावई त्याचा फोटो काढायचा.

त्या शनिवारी, डावाची तपासणी झाल्यावर, मावशी खुशीत होती आणि खुशी तिच्या पोटात राहत नसे.

"सोमवारी सगळे नव्या घरी चाललेत हं माझे," ती लेकीला म्हणाली. "बेचाळीसच्या बेचाळीस. काल साहेबांनी सही केली एकदाची."

गोष्ट अशी होती. संस्थेत आता मशीन येणार होतं. सशांना न टोचता काचेच्या नळीतच ताप कळणार होता. ससे नकोत, ससेखाना नको. 'जनावरं निकाली काढावीत' असा कागद चार महिन्यांपूर्वी निघाला. तेव्हापासून मावशीनं ससे लोकांना घरी सांभाळायला द्यावेत असे अर्ज केले. पहिला साहेबांनी टेबलाच्या खणात घातला, दुसरा त्या पहिल्यावर घातला. तिसऱ्या वेळी ती खुर्ची ओढून समोर बसून राहिली, सही होईपर्यंत. या चार महिन्यांत तिनं एकोणीस घरं शोधली होती. एक शाळेच्या बाई, एक निवृत्त पोस्टमन, वॉचमनची सून, अशी. प्रत्येकाच्या घरी जाऊन जागा पाहिली, आणि पंच्याची गुंडाळी करून ससा कसा उचलायचा ते प्रत्येकाकडून करून घेतलं. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. बुडाखालचा हात सुटला की ससा मागचे पाय झाडतो आणि त्या हिसक्यानं त्याचं स्वतःचंच कंबरडं मोडतं.

"घरं?" जावयानं घास थांबवला. "म्हणजे पाळणार लोक त्यांना?"

"पाळणार म्हणजे सांभाळणार."

"एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात. मालक बदलला की गुलाम सुटला असं होत नाही, आई."

"मग काय करू? मतदार यादीत नावं घालू त्यांची?"

"मोकळं सोडा."

"पिंजऱ्यात जन्मलेली जनावरं आहेत ती. ऊन माहीत नाही, कुत्रं माहीत नाही. एक दिवस जगायची नाहीत."

"एक दिवस, पण स्वतःचा," जावई म्हणाला. वाक्य चांगलं जमलं हे त्यालाही जाणवलं असावं, कारण त्यानं ते वहीत उतरवलं. मग मावशीच्या पिशवीतून डोकावणाऱ्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "आणि तुमचा खरा पिंजरा तर हा डबा आहे. पिंजऱ्याला निदान दार असतं. हा वाजला की ते आपण होऊन येतात."

"जावईबापू, ताटं वाजली की तुम्हीही आपण होऊनच येता," मावशी म्हणाली, आणि विषय तिच्या दृष्टीनं संपला.

लेक ताटातली भाजी नुसती चिवडत होती. तिकडे मावशीनं लक्ष द्यायला हवं होतं.

रविवारी म्हातारबाबा रंगात आले होते. करुणेवर बोलत होते. मावशी पुढच्या रांगेत मान डोलावत बसली होती, तेवढ्यात वॉचमन तिला शोधत आत आला. चपला पायातच.

"मावशी, ससे बाहेर आहेत."

"कुठले ससे?"

"सगळे."

ससेखान्याच्या मागे संस्थेचं मोकळं मैदान होतं. कडेला काटेरी झुडपांचं कुंपण, पलीकडे रस्ता. मावशी पोचली तेव्हा ऊन चटके देत होतं. मागचं दार सताड उघडं होतं आणि कुलपात किल्ली लोंबत होती. तिच्याच घरात, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर असायची ती ससेखान्याची किल्ली. मैदानात सात सुटकावाले, तोंडाला काळी फडकी बांधून, आणि भिंतीच्या बोटभर सावलीत एकमेकांना चिकटून बसलेले पांढरेशुभ्र ससे, काही झुडपांच्या बुडाशी दडलेले. पळत कोणीच नव्हतं. पळायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांच्या कुशी भात्यासारख्या हलत होत्या.

जावई मोबाइलसमोर बोलत होता. फडक्यातून आवाज नीट जात नव्हता म्हणून त्यानं ते हनुवटीखाली ओढलं होतं. गुपचूप केलेल्या धाडीत स्वतःचं तोंड दाखवणारा जगातला हा पहिलाच असेल.

"...आणि हे बघा, स्वातंत्र्याचा पहिला श्वास ते घेतायत..."

"घाबरून धापा टाकतायत, मूर्खा," मावशी म्हणाली. दोन वर्षांतलं 'जावईबापू' त्या एका शब्दात वाहून गेलं. "कुत्री आली होती का?"

"दोन घेऊन गेली," लेक म्हणाली. तिच्या तोंडावर फडकं नव्हतं. ती मातीत बसली होती आणि तिच्या मांडीवर फौजदार होता. पुढचे पाय चालत होते, मागचे दोन्ही ओल्या कापडासारखे लोंबत होते.

मावशीनं वाकून त्याच्या कण्यावरून बोट फिरवलं. मध्ये एका जागी ते थांबलं.

"कुणी उचललं याला?"

"ते बाहेरच येईनात," जावई म्हणाला. "दारं उघडली तर मागे सरकून बसले. म्हणून आम्ही..."

"कुणी?"

"मी."

"कसं?"

लेकच म्हणाली, "मानेला धरून. मी सांगितलं होतं त्याला आई, खालून हात लाव म्हणून. मी सांगितलं होतं."

"तुला ठाऊक होतं. तुला सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. आणि सोमवारी ते घरी जाणार होते हेही ठाऊक होतं."

लेकीनं फौजदाराच्या बुडाखाली हात सरकवला. जावई म्हणाला, "ध्येयासाठी काही नुकसान—"

"ज्याचं झालंय त्याला विचारलंत?"

रस्त्याच्या कडेनं पुन्हा कुत्री गोळा होत होती. वर दोन घारी. मावशीनं पिशवीतून डबा काढला आणि दाराच्या चौकटीवर वाजवला. तीन ठोके, थांबून दोन.

भिंतीजवळचे सगळे कान उभे राहिले.

मग ते आले. झुडपांतून आले, भिंतीच्या कडेनं आले, एक तर जावयाच्या दोन पायांमधून आला. रुसकीसुद्धा आली, आज न रुसता. मावशी दारात उभी राहून वाजवत होती आणि एकेक जण तिच्या पायांना घासून आत, आपल्या पिंजऱ्यापुढे जाऊन बसत होता. अडतीस. सुटकावाल्यांपैकी एकानं मोबाइल हळूच खिशात घातला. अशा चित्रफितीचा चळवळीला काय उपयोग?

"हे शिक्षण आहे, सवय लावलेली आहे," जावई पुटपुटला. "गुलामाला साखळीच—"

"अडतीस माझ्याकडे आले," मावशी म्हणाली. "तुमच्याकडे किती आले?"

तिला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं होतं. ते नंतर तिला फार आठवलं. फौजदार लेकीच्या मांडीवर, दोन कुत्र्यांच्या तोंडी गेलेले, तरी तिला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता राहिली एकटी बहिरी. ती कुठे दिसेना. डबा तिला कसा ऐकू जाणार?

साहेब तासाभरानं आले. सोबत जनावरांच्या डॉक्टरबाई होत्या. साहेबांनी उंबऱ्याबाहेरच नाकाला रुमाल लावला. सत्तावीस वर्षांत ते ससेखान्यात दोनदा आले होते, दोन्ही वेळा रुमालासकट. डॉक्टरबाईंनी आधी फौजदाराला पाहिलं, आणि काही न विचारता बॅग उघडली. तो मावशीच्या हातातच शांत झाला.

"बाकीचे आत आहेत ना सगळे?" साहेबांनी विचारलं.

"अडतीस आहेत. एक सापडायचीय. उद्या नऊला माणसं यायचीत न्यायला, तोवर मी पुसूनबिसून..."

"मावशी, आता कसं देता येईल?"

"का?"

"बाहेरच्या मातीला लागलेलं जनावर बाहेर देता येत नाही. रोगराईचा नियम आहे. मी सही केली ती बंदिस्त, निरोगी जनावरांसाठी."

"मग आत ठेवा थोडे दिवस."

"आत ठेवायचे तर चाळीस दिवस वेगळे ठेवावे लागतील. बुधवारी मशीन बसवायला माणसं येतायत. खोली रिकामी हवी."

"बाहेर द्यायचे नाहीत, आत ठेवायचे नाहीत. मग कुठे ठेवू?"

साहेबांनी रुमालाची घडी बदलली. एवढंच त्यांचं उत्तर. या माणसानं आयुष्यात कुणाला स्वतः मारलं नव्हतं, नेहमी कागदच पुढे केला होता. जावई वाक्यांनी मारतो, हे घड्या घालून मारतात. मावशीला दोघांमध्ये डावंउजवं करता येईना.

ते गेल्यावर तिनं डॉक्टरबाईंना विचारलं, "मी आत बोलावलंच नसतं तर?"

डॉक्टरबाई हात धूत होत्या. "कुत्र्यांनी खाल्लं असतं. उन्हानं गेले असते."

"सगळे?"

डॉक्टरबाईंनी नळ बंद केला. "एखाददुसरा वाचला असता, मावशी. जाऊ दे."

सोमवारी सकाळी नऊला मावशी गेटवर उभी राहिली. शाळेच्या बाईंनी खोक्यात जुनं मऊ पांघरूण अंथरून आणलं होतं. पोस्टमन गाजराचा पाला घेऊन आले होते. "काही अडचण झाली," एवढंच ती एकोणीस वेळा म्हणाली. पोस्टमन पाला ठेवून गेले. मग ती आत गेली. त्या दिवशी चौकटीवर डबा वाजला नाही, ती तशीच आत गेली, आणि सगळे ससे दचकले. एकेकाला तिनं स्वतः उचलून डॉक्टरबाईंच्या सुईपुढे धरलं. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. अडतीस वेळा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाहेर बसा, माझा मदतनीस धरील." ती म्हणाली, "त्याचा हात नवा आहे. घाबरतील." ओठांत ती म्हातारबाबांची एक चाल गुणगुणत होती. शब्द मात्र आठवत नव्हते.

जावयानं घरी एक पिशवी भरून ठेवली होती. दोन सुती सदरे, दात घासायचा ब्रश, वही. त्याला अटक व्हायची होती. तुरुंगातून लिहायच्या पत्राची सुरुवातही तयार होती. सोमवार गेला, मंगळवार गेला. दारावर थाप पडली की तो सदऱ्याचं वरचं बटण लावायचा, बाहेर दूधवाला असायचा. साहेबांना बोभाटा नको होता, त्यांनी 'कुलूप नीट न लागल्यामुळे' असा शेरा मारून प्रकरण मिटवलं होतं. इतिहासानं त्याला साधं चौकशीलाही बोलावलं नाही. मग त्यानं पत्रक काढलं. त्यात एक्केचाळीस हुतात्मे होते आणि खाली त्याची सही होती.

मावशीनं ते वाचलं. "बेचाळीस लिहायला हवं होतं," ती म्हणाली. "बहिरीही गेलीच असणार." यापलीकडे ती त्याला काही बोलली नाही. टोमणा जिभेवर यायचा, आणि मागोमाग त्याचं डब्याबद्दलचं बोलणं यायचं. शंभर पोकळ वाक्यांत एक भरलेलं निघालं होतं, आणि ते नेमकं तिच्या वाट्याचं. ज्या माणसाची आपण कीव करत होतो त्याच्या तोंडून खरं ऐकावं लागणं, याच्याइतकी दुसरी मानहानी नाही. रविवारच्या म्हाताऱ्यांचं "माझ्यासारखा पापी मीच" तिला इतकी वर्षं नुसतं गोड लागत होतं.

लेक तीन दिवस सकाळी बाहेर पडत होती ती दुपारी येत होती. कुठे जाते ते तिनं सांगितलं नाही. हातांवर ओरखडे दिसत होते.

बुधवारी, मशीन बसलं त्या दुपारी, ती मागच्या दारानं आली. ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. एक हात वर, एक हात खाली.

"झुडपात होती, आई. अगदी आत. आपण हाका मारत होतो आणि ही तिथेच बसून होती."

मावशीनं ओढणीचं टोक बाजूला केलं. बहिरीचा एक कान फाटला होता आणि पांढरा रंग मातकट झाला होता.

जावई खुर्चीतून उठून दारात आला. "ही एकमेव खरी स्वतंत्र. हिला घरात आणून तू पुन्हा..."

"तू ते ताट उचल आधी," लेक म्हणाली. आवाज न चढवता. "दोन वर्षं पाहतेय मी."

मग त्यानं ताट उचललं. कुठे ठेवायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो ते हातात घेऊनच उभा राहिला.

लेकीनं बहिरीला कोपऱ्यात, थंड फरशीवर ठेवलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मावशीनं पिशवीतून डबा काढला. पत्र्यावर कडीचा हलकासा आवाज झाला आणि ती दचकून थांबली, दुसऱ्या हातानं तिनं कडी दाबून धरली. पोस्टमननी दिलेला पाला अजून होता, कडेनं सुकलेला. तो तिनं डब्यात ठेवला आणि डबा आवाज न करता फरशीवर टेकवला. मग गुडघ्यांवर बसून तळवा जमिनीला लावला आणि बहिरी वळण्याची वाट पाहत राहिली.